घंटेवरचं साल

जानराव काही केल्या बसेना. अकोल्यात राहणाऱ्या धाकट्या भावाने, श्रावणने, खुर्ची पुढे सरकवली, तर त्याने तिच्यावर आपली टोपी ठेवली आणि स्वतः उभाच राहिला. दाराशी गेला, बोळात दोन्हीकडे डोकावला, कडी लावली, ती नीट लागली का म्हणून काढून पुन्हा लावली. वैशाखातल्या दुपारी अकोल्याच्या जुन्या शहरात कुत्रंदेखील सावली सोडत नाही. कोण येणार होतं कप्पाळ? पण हे जानरावाला सांगून उपयोग नव्हता.

"भाऊ, बस न जरा. पाणी पे," श्रावण म्हणाला.

"मी बसाले नाई आलो. काय पाह्याचं ते पाहून घ्या लवकर. सांजच्या मोटारीनं मले वापस जा लागते."

पाह्याचं होतं ते खोलीच्या मधोमध, गोणपाटात करकचून बांधलेलं. हिवरखेडहून अकोल्यापर्यंत जानरावाने ते एस.टी.त मांडीवर धरून आणलं होतं. वाटेत अकोटला उतरून बहिणीला, सुंदराबाईला, आणि जवायाला, होते तसे, अंगावरच्या कपड्यानिशी मोटारीत बसवलं. कंडक्टरने गाठोड्याबद्दल विचारलं तेव्हा 'पाहुण्याचं भांडं हाय' म्हणाला. जन्मात खोटं न बोललेला माणूस. एवढ्यावरही त्याला घाम फुटला होता.

झालं होतं असं, की दीक्षा घेऊन चौथं वर्ष लागलं तरी गावात विहार नव्हता, म्हणून जानरावाने आपल्या जुन्या घराची जागा विहाराला देऊन टाकली. घर पाडलं, पाया खोदायला घेतला, आणि जिथे बापाची खाट असायची नेमक्या त्या जागी टिकास अडकली. माती बाजूला केली तर घंटा. देवळात टांगतात ती, घागरीएवढी घंटा! खोदणाऱ्यांत नत्थुजी पाटलाचा सालदार होता. जेवणवेळेच्या आत पाटलाच्या ओसरीवर बातमी, आणि दिवस मावळायच्या आत पाटलाचा निरोप: सोमवारी घंटा घेऊन ग्रामपंचायतीत या. आमची निघाली, तर चोराच्या घराच्या जागेवर काय बांधू द्यायचं आणि काय नाही, ते गाव ठरवील.

आता 'चोराचं घर' हे काही नत्थुजींनी नवीन काढलं नव्हतं. आमच्या खटल्याला, म्हणजे घराण्याला, आडनाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. गावात आम्ही घंटेवाले. मानमोडीच्या साथीच्या साली मारुतीच्या देवळातली जुनी घंटा नाहीशी झाली आणि नत्थुजींचे वडील रामराव पाटील यांनी आमच्या बुधाजीला, म्हणजे जानरावाच्या बापाला, चावडीपुढच्या निंबाला बांधून मारलं. ज्या माणसाला देवळाची पायरी चढायची बंदी, त्याने देवळाच्या आतली घंटा पळवली, असं ठरलं. आणि यात काही चुकतंय असं गावातल्या एका शहाण्याला वाटलं नाही. धन्य आहे! बुधाजी मार खाताना एवढंच म्हणत राहिला, "म्या नाई नेली." सात वर्षांचा जानराव त्याच्या धोतराला धरून उभा होता. ते वाक्य त्याने असं गच्च धरलं की पुढे अख्ख्या आयुष्यात सोडलं नाही. हिवरखेडच्या बाजारात एकाने 'घंटाचोराचा' म्हणून हाक मारली, त्यापायी जानरावाचा पुढचा दात गेला. त्या माणसाचे दोन गेले.

आणि आता ही घंटा. बापाच्या खाटेखाली.

"सोडू का?" देवीदासने विचारलं. सुंदराबाईचा नवरा देवीदास अकोटच्या कापसाच्या जिनात फिटर होता; धातूची वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवत.

"नोका सोडू," सुंदराबाई म्हणाली. "मोर्णेत टाका. नदीचा पूल काय लांब हाय? टाका आन मोकये व्हा."

"बाई, अगं, असं कसं?" श्रावण तिला समजावू लागला. श्रावण शाळामास्तर. शिकल्यापासून तो घरातही जरा पुस्तकी बोले. "आधी ती किती जुनी आहे, कुठली आहे, हे तर पाहू. आपणच घाबरून पाण्यात टाकली तर कबुलीच दिल्यासारखं होईल."

"पाह्यलं आन निंगाली त्याइचीच, तं? मेलेल्या बापाले पुन्हा निंबाले बांधता काय?"

 श्रावणने भिंतीशी बसलेल्या आईकडे पाहिलं. भागीरथाबाईच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून ती अकोल्याला होती. डोळ्यावर हिरवी पट्टी. गोणपाट खोलीत आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

"माय, तू सांग. काय करायचं?"

"तुमी पोरं पाहा," ती म्हणाली आणि पदराने वारा घेऊ लागली.

"पाहू द्या न एकदाचं," जानराव दाराशी उभ्या उभ्याच म्हणाला. "माहा बाप खोटं बोलला का खरं, एवढंच पाह्यजे मले. मंग तिले मोर्णेत टाका नाई तं माह्या डोक्शात घाला."

देवीदासने गाठ सोडली.

घंटा मातीने काळीहिरवी झालेली. आत काहीतरी ठासून भरलं होतं. देवीदासने बोटं घालून ओढलं तर कुजून घट्ट झालेल्या कापसाचे गोळेच्या गोळे निघाले. त्यात चिंधीत गुंडाळून दाबलेला आतला लोळा.

"वाजू नये म्हनून भरला बरं का," देवीदास म्हणाला. एक गोळा त्याने चिमटीत कुस्करला. "ही जिनातली रुई नाई. सरकी हाय याच्यात. वेचनीचा कापूस, थेट वावरातला."

"तुम्हाला कापूस पाहायला बोलावलं का भाऊजी? घंटा पाहा," श्रावण म्हणाला.

"पाहून रायलो न बाप्पा! मास्तर, तुमी पोट्ट्याइले घाई करत जा, मले नोका करू." त्याने घंटा आडवी घेतली, वरच्या कडीत बोट फिरवलं, खिशातून चष्मा काढून पुन्हा फिरवलं. मग काठ चाचपला. "गंमत हाय राजेहो. भाऊ, इकडं या. बोट घाला अठी."

जानरावाने घातलं.

"काय लागलं?"

"काय लागन? कडी हाय."

"झिजली नाई ना? कोर अजून तशीच हाय, वतली तशी. माह्या जिनात कप्पीची कडी चार-पाच वर्सांत घासून अर्धी होते. देवयातली घंटा म्हंजे येनारा-जानारा ठोकते. आन काठाले पाहा, आतून लोळ्याचा टोला बसून बसून खड्डा पडते. अठी खड्डा नाई. ही घंटा टांगली असन, पन फार दिवस नाई. जवान घंटा हाय ही."

जानराव पहिल्यांदा खाली बसला. "देवयातली जुनी घंटा तीन पिढ्याची होती," तो भराभरा बोलू लागला. "लोकं म्हनत, भोसल्याच्या राज्यातली. म्या पाह्यली न! आमाले आत जाऊ देत नोते, पन बाहिरून दिसे. तिची कडी घासून अशी सुतावानी झालती. मंग ही ते नोये! नोये ना जवाई?"

"ते नोये. माहा शब्द."

"आयकलं का सुंदरा? ते नोये!"

सुंदराबाईला उलट धास्ती वाटली. भावाचा चेहरा असा उजळलेला तिला पाहवेना, कारण तिला तो पुन्हा पडताना दिसत होता. बापाला मारलं त्या दिवशी सुंदराची पाचवी होती. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत बापाचा आवाज येत होता म्हणतात. तेव्हापासून आत्याबाई तिला पांढऱ्या पायाची म्हणायच्या, आणि लग्न होईपर्यंत सणासुदीला कोणी तिला आधी दारातून आत येऊ देत नसे. तिच्या जन्माची आठवण काढायची म्हणजे निंबाची आठवण निघायची. घंटा हा शब्द जरी कानावर आला तरी ती उठून जाई, आणि आज नवऱ्याने तीच मांडीवर घेतली होती.

"ते नोये तं कोनची हाय?" ती म्हणाली. "देवयाची घंटा आपल्या घरी कोनं गाडली? आपोआप आली काय चालत?"

श्रावणची बायको जमुना अमरावतीची, सातवी शिकलेली, आणि तोंडाने कोणाला भीक न घालणारी. ती आतून चिंच आणि राख घेऊन आली. "भांडून काय निंगते? घासा न तिले. काई लिहिलं असन तं दिसन."

"माती जपून काढायची असते, जमुना. चिंचेने..."

"चिंचेनं काय होते? आमच्या घरची भांडी काय म्युझियमात हायेत? सरका."

आणि ती घासायलाच बसली. श्रावण 'अगं हळू, हळू' म्हणत राहिला. पाण्याचा हिरवा-काळा ओघळ न्हाणीकडे गेला. हळूहळू पिवळं कासं दिसायला लागलं आणि एका जागी जमुनाचा हात थांबला.

"अठी खरबडीत लागते."

देवीदासने घंटा उजेडाकडे फिरवली. वीतभर लांब पट्टा होता, त्यावर आडवेतिडवे चरे. त्याने चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग जानरावाकडे न पाहता म्हणाला, "कानस मारली हाय. अठी काईतरी कोरलं होतं मोठ्या अक्षरात. ते घासून काढलं. हात काई कारागिराचा नाई."

 कानस कशासाठी मारतात, हे कळायला फिटर असावं लागत नाही. मालकाचं नाव पुसायला मारतात.

जानराव उठला. पुन्हा दाराशी गेला.

"भाऊ, थांब," श्रावण म्हणाला. पट्ट्याच्या टोकाशी कानस पोचली नव्हती. तिथे दोन अक्षरं उरली होती. "सन्न आहे हे. सन्न. प्रसन्न! 'श्री मारुती प्रसन्न' असणार, देवळाच्या घंटेवर दुसरं काय असतं? म्हणजे पुसलं ते मालकाचं नाव नाहीच. देवाचं नाव पुसलंय."

"देवाचं नाव कोन पुसन?" देवीदास म्हणाला. "देव काय ठाण्यात जाते काय?"

"जमुना, दुसरी बाजू घास."

जमुनाने दुसरी बाजू घासली, आणि मग मात्र सगळं बारीक, सुबक, एकेक अक्षर स्पष्ट वर आलं. श्रावण गुडघ्यांवर बसून वाचू लागला. शाळेत वाचतो तसं मोठ्याने सुरू केलं आणि तिसऱ्या शब्दाला त्याचा आवाज उतरला. "रामराव वल्द माणकोजी पाटील याणे..." तो थांबला.

"वाच," जानराव म्हणाला.

"...याणे अर्पण केली."

"रामराव," जानराव म्हणाला. "त्याचीच." तो काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी गावाले काय काय बोललो रे श्रावन. चावडीवर उभा राहून बोललो. माहा बाप उपाशी मेला असता पन लोकाच्या वस्तूले हात लावला नसता, असं बोललो. आन हा... हा तिच्यावर खाट टाकून निजे."

"भाऊ, पुरं ऐक तरी..."

"काय आयकू? उद्या नत्थुजी ईचारन, कोनाची हाय? काय सांगू? वर नाव लिहून हाय त्याच्या बापाचं!"

"तेच म्हणतो मी," श्रावण आता उठून उभा राहिला, आणि त्याचा तो शाळेतला आवाज पार गेला. "घंटा निंगाली म्हनून कोनं पाह्यली? सालदारानं. त्यानं काय वाचली होती काय? आपन दुसरी विकत आनू, जुन्या बाजारातून. ते नेऊन दाखव. हे जवाईबुवा फोडून देतील, जिनात वितळवून टाकतील."

"वा रे मास्तर!" सुंदराबाई कडाडली. "मघापासून मले शिकवून रायला, खरं पाहू, खरं पाहू. खरं पाह्यलं तं आता फोडा म्हनते!"

"तूच म्हणाली न मोर्णेत टाका?"

"म्या पाह्याच्या आंधी म्हनलं. आता पाह्यल्यावर नाई टाकू देत."

"काहून?"

"काहून ते मले नाई सांगता येत. पन फोडू नोका देऊ तिले." आणि आपल्याच बोलण्याचं तिला नवल वाटलं.

मोठी माणसं अशी एकमेकांवर तुटून पडलेली असताना जमुना मात्र घंटेपाशीच बसली होती. अर्धवट काम तिला जमत नसे. ओळीच्या शेवटी थोडा थर राहिला होता, तो तिने नखाने खरवडला, चिंच चोळली, पदराने पुसला. "याच्या पुढं बी हाय," ती म्हणाली. कोणी ऐकेना. "अवो, पुढं बी हाय म्हनते मी! आकडे हायेत. शके अठराशे त्रेचाळीस."

"असेल," श्रावण म्हणाला.

"असन काय? तुमीच शिकवता न पोरांना, शकात अठ्याहत्तर मिळवायचे. मिळवा."

श्रावणने मिळवले. "एकोणीसशे एकवीस."

"आन मानमोडी कवा होती?"

श्रावणने घंटेवरचे आकडे पुन्हा एकदा वाचले.

"बाई," जमुना सुंदराबाईकडे वळली, "तुमचा जनम मानमोडीचा ना? तुमच्या पाचवीले मामंजीले मारलं, असंच सांगतात न सगळे?"

"हो. त्याच पंधरवड्यात माही मोठी मावशी मानमोडीनं मेली. मानमोडी अठरा साली होती, हे तं अख्ख्या वऱ्हाडाले मालूम हाय."

"मंग?" देवीदासला अजून पत्ता लागला नव्हता. "मंग काय झालं?"

"काय झालं काय!" सुंदराबाई नवऱ्यावर खेकसली. "अठरा साली मारलं त्याले, आन घंटा वतली एकवीस साली! जे घंटा वतलीच नोती ते कशी चोरली त्यानं? तीन वर्सं आंधी?"

जानराव दाराशी उभा होता, तिथून तो हलला नाही. त्याने फक्त आईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

भागीरथाबाईने पदर खाली ठेवला. मघापासून ती एकाच गोष्टीची वाट पाहत होती, आणि त्याच गोष्टीला भीत होती. पोरांनी आपणहून वाचलं तर वाचू द्यायचं, आपण उघडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आता वाचलं होतं.

"ही दुसरी हाय," ती म्हणाली. "पह्यली कोनं नेली ते देव..." ती अडखळली, देव सोडून चार वर्षं झाली तरी जीभ जात होती तिकडे. "ते मले नाई मालूम. लोकं हयू हयू म्हनत, पाटलाच्या मोठ्या पोरानं अकोटात जुव्यावर लावली. मंग रामरावानं नवी वतून आनली. वाजतगाजत आनली. तवा तुमच्या बापाची पाठ बसली होती, तिरपा चाले. मिरवनूक आपल्या दारापासून गेली. त्यानं पाह्यली आन मले म्हनला, भागीरथे, शिक्षा तं भोगून झाली. गुन्हा तेवढा बाकी रायला."

जमुनाने हातातली चिंच खाली ठेवली.

"म्या लय समजावलं. आयकते थोडी? वेचनीचे दिवस होते. म्या पाटलाच्या वावरातूनच वटीत कापूस आनला. न्या म्हनलं, वाजली तं जीव जाईन. आनली त्यानं. मंग कानस आनली कुठूनशी. वर दोन ठिकानी लिहिलं होतं, एक मोठं, एक बारीक. वाचता कोनाले येते? मले म्हने, मोठं असन ते पाटलाचं. गावात जे मोठं ते पाटलाचं. वाडा मोठा, वावर मोठं, मंग अक्षरं बी त्याचीच मोठी असतीन. तेच घासलं रातभर."

देवीदासला हसू आवरेना. त्याने तोंडावर हात दाबला, पण खांदे हलायला लागले, आणि त्याला पाहून जमुना फुटली, आणि मग सुंदराबाई. ती हसता हसता रडायला लागली, आणि तिला थांबवता येईना. बिचारा बुधाजी! देवाला गावात एवढी मोठी जागा असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आन पाटलानं बोंब नाई मारली?" देवीदासने डोळे पुसत विचारलं.

"कोनाच्या नावानं मारन? त्याले वाटलं पोरानंच पुन्हा नेली. चूप बसला. तिसरी आनली ते साधी, लहानशी. हा वाकडा माणूस देवयात चढला असन, असं कोनाच्या मनात बी नाई आलं."

जानराव मात्र हसला नाही. तो आईपुढे येऊन उभा राहिला. "मले काहून नाई सांगतलं?"

तिने डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"बेचाईस वर्सं झाली माय! मी बाजारात मार खाल्ला. पोरीच्या सोयरिकी मोडल्या माह्या. हरेकाले छाती ठोकून सांगतलं, माहा बाप चोर नोये. आन तू घरात बसून आयके. तुले काईच वाटलं नाई? मी तोंडावर पडून रायलो आन तुले कीव बी नाई आली?"

"आली," भागीरथाबाई म्हणाली. "रोज आली."

"मंग?"

"तुले खोटं बोलता येते काय रे? लहानपनापासून कवा आलं? सांगतलं असतं तं तुही मान खाली गेली असती. एकदा का तुही मान खाली गेली असती तं त्या गावात आपल्याले कोनी जगू देल्लं असतं? तुह्या बापाची पाठ मोडली होती. कोनीतरी ताठ उभं राह्याले पाह्यजे होतं. म्हनून नाई सांगतलं." ती थांबली. "माह्यावर राग असन तं असू दे. पन पुन्हा तशी येळ आली तं पुन्हा बी नाई सांगनार."

जानराव सावकाश तिच्याजवळ खाली बसला. मघाशी बसला तो उठण्यापुरताच, आता मात्र स्वस्थ बसला. त्याने घंटा ओढून मांडीजवळ घेतली आणि त्या खरबडीत पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिला. वाकड्या पाठीचा माणूस कंदिलाशी बसून कानस घासतोय, चुकीच्या ओळीवर, एवढंच त्याला दिसत होतं. राग होता, नाही असं नाही. पण सात वर्षांचा असताना ऐकलेलं वाक्य खरं होतं. त्या दिवशी, त्या झाडाखाली, बाप खरंच बोलला होता. जानरावाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

श्रावण घंटेपाशी येऊन बसला. मग म्हणाला, "भाऊ, ऐक. ही घंटा पंचायतीत नेऊ नको. साल दाखवलं की मारणं अन्यायाचं होतं हे सिद्ध होतं, कबूल. पण चोरीही सिद्ध होते. नत्थुजी काही अर्धंच ऐकणार नाहीत. विहाराची जागा जाईल. नुसतं म्हण, सापडली, कुठली ठाऊक नाही."

"मी सोबत येतो," सुंदराबाई मध्येच म्हणाली. "नेच तू भाऊ. मी येतो चावडीवर. बेचाईस वर्सं मी पांढऱ्या पायाची. मले बी साल आयकाचं हाय सगळ्याइच्या समोर."

"तू भडकवू नको त्याला!"

"जवाई," जानराव म्हणाला, "तुमी काय म्हनता?"

देवीदासने डोकं खाजवलं. "मी फिटर मानूस. पन भाऊ, नत्थुजी सोडनार नाईत. ते पह्यलं हेच ईचारतीन: जानराव, घंटा कोनाची?"

"तुमच्या बापाची म्हनीन. तुमीच वाचा म्हनीन, मोठ्यानं वाचा, नाव वाचा आन साल बी वाचा. मले वाचता येत नाई. त्याइच्याच तोंडून आयकू दे गावाले."

"बरं, वाचलं. मंग ते ईचारतीन..." देवीदास अडखळला. सासऱ्याबद्दल होतं, पण उद्या कोणीतरी ते विचारणारच होतं. "मंग ते ईचारतीन, म्हंजे तुहा बाप चोर होता तं."

श्रावणने मान दुसरीकडे वळवली. भागीरथाबाईने पट्टीखालच्या डोळ्यानेच जणू मुलाकडे पाहिलं. जानरावाने गोणपाट ओढलं, झटकलं, घडी केली आणि घंटा तशीच उघडी काखेत मारून उठला.

"होता म्हनीन," तो म्हणाला. "पन तुमी मारलं तवा नोता."